थ्री टेस्लावर सात हजार गेले, आता आईचा एमआरआय परत करू का?

पत्र सोलापूरच्या एका लेकीचं आहे, थोडं कापून देतेय:

"नमस्कार डॉक्टर. माझी आई ६४ वर्षांची. तिचा डावा खुबा बदलायचं ऑपरेशन २००९ मध्ये दिवाळीनंतर पुण्यात झालं, एव्हीएन होतं (रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचं हाड खराब होतं ते). पंधरा वर्षं काही त्रास नाही, गौरी-गणपतीचं सगळं स्वतः करायची. गेले आठ महिने जांघेत दुखतंय, रिक्षात बसताना पाय हाताने उचलून आत ठेवते, थोडी लंगडते पण. एक्सरे नॉर्मल आला. इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, म्हणाले सूडोट्यूमर वगैरे नाही ना ते बघून घेऊ. पहिल्या सेंटरने आत धातू आहे म्हणून सरळ नाही सांगितलं. मग आम्ही मुद्दाम थ्री टेस्लावाल्या (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) मोठ्या सेंटरला नेलं, सात हजार भरले, रिपोर्टात एवढंच की इम्प्लांटच्या आर्टिफॅक्टमुळे (धातूमुळे चित्रात होणाऱ्या गडबडीमुळे) खुबा नीट बघता येत नाही. भाऊ म्हणतो परत नेऊच नका, लोहचुंबकाने गोळा ओढला जाईल. आणि आईने ट्यूमर शब्द ऐकल्यापासून जेवण सोडलंय. परत करायचा का? कुठे? की सरळ ऑपरेशनच करून टाकू?"

ताई, आधी आईला जेवायला बसवा. सूडोट्यूमर म्हणजे खोटा ट्यूमर, कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. खुब्यातले धातूचे भाग एकमेकांवर घासून किंवा जोडावर गंजून अतिशय बारीक कण सुटतात, काही लोकांच्या शरीराला त्याचा राग येतो आणि सांध्याभोवती पाण्याची पिशवी किंवा घट्टसर गाठ तयार होते, एवढंच ते. फुप्फुसात नाही जात, लिव्हरमध्ये नाही जात. निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ती पिशवी वाढत गेली तर शेजारचे स्नायू आणि हाड खराब करू शकते, म्हणून तर तुमच्या डॉक्टरांना ते बघायचंय. आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून गोळ्या देऊन घरी न पाठवता त्यांनी हा विचार केला यावरून माणूस चांगला दिसतोय, त्यांना सोडू नका. आईला तो आहेच असं पण कोणी म्हटलेलं नाहीये, तो नाही ना एवढंच बघायचंय.

आता भाऊ. मी एमआरआयचे रिपोर्ट लिहिणारी, त्याची भीती मला रोज ऐकायला मिळते, त्यामुळे हसत नाही. पण खुब्यात जे बसवतात ते टायटॅनियमचं मिश्रण, कोबाल्ट-क्रोम, सिरॅमिक, प्लॅस्टिक यातलं काहीतरी असतं, आणि यातलं काहीच लोखंडासारखं लोहचुंबकाला चिकटत नाही. स्टीलचे इम्प्लांट असतात ते सुद्धा वेगळ्या जातीचं स्टील असतं. शिवाय आईचा खुबा पंधरा-सोळा वर्षं हाडात रुतून बसलाय. ओढला वगैरे जात नाही. फार तर थोडं कोमट लागल्यासारखं होऊ शकतं, तसं झालं किंवा जास्त गरम वाटलं तर टेक्निशियनला बोलवायला हातात दिलेला रबरी बल्ब दाबायचा. एमआरआयमध्ये खरे धोक्याचे म्हणजे जुने पेसमेकर, मेंदूतल्या जुन्या क्लिपा, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस, आणि खोलीत कोणीतरी चुकून आणलेली लोखंडी वस्तू. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाईकाचा जीव गेला, तो पेशंट सुद्धा नव्हता. पहिल्या सेंटरने आत धातू आहे म्हणून नाही म्हटलं ते त्यांना जमणार नव्हतं म्हणून असेल तर प्रामाणिक होतं, पण कारण धोक्याचं सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं.

मग चित्र का आलं नाही? हे थोडं सविस्तर सांगते कारण पुढचा सगळा खर्च यावर अवलंबून आहे.

एमआरआयचं मशीन शरीरातल्या पाण्याकडून येणारा सिग्नल ऐकतं. तो सिग्नल कुठून आला हे त्याला कळतं फ्रीक्वेन्सीवरून, म्हणजे फ्रीक्वेन्सी हाच पत्ता. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये ती साधारण ६४ मेगाहर्ट्झ असते आणि जागेनुसार त्यात अगदी किंचित किंचित फरक मुद्दाम केलेला असतो, तोच पिनकोड समजा. आता मधे धातूचा गोळा आला की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं, पिनकोड चुकतात, आणि सोलापूरची पत्रं लातूरला जाऊन पडायला लागतात. जिथून पत्रं गेली तिथे चित्रात काळा खड्डा, आणि जिथे जाऊन ढीग पडला तिथे पांढरा भडक पट्टा. तुमच्या सीडीत खुब्याच्या जागी काळा डाग आणि त्याला पांढरी किनार दिसत असेल, तो हाच घोळ.

आणि इथेच थ्री टेस्ला नडलं. आपल्याकडे मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखं झालंय, आकडा मोठा तो भारी. मेंदूसाठी, गुडघ्याच्या बारीक लिगामेंटसाठी थ्री टेस्ला सुंदर आहे, पण धातूमुळे होणारी गडबड चुंबकाच्या ताकदीबरोबर वाढते, दुप्पट ताकद म्हणजे जवळपास दुप्पट घोळ. खुब्यातल्या इम्प्लांटसाठी आम्ही साधं दीड टेस्लाचं मशीन मागतो. तुम्ही बिचाऱ्यांनी आईसाठी सगळ्यात महाग ते निवडलं आणि नेमकं तेच चुकलं, यात तुमचा दोष नाही, अपॉइंटमेंट घेताना फोनवर कोणीतरी विचारायला हवं होतं की कशासाठी करताय.

नुसतं दीड टेस्ला पण पुरत नाही, सेटिंग बदलावं लागतं. पिनकोड एकमेकांपासून लांब लांब ठेवले तर एक-दोन आकडे चुकले तरी पत्र त्याच गल्लीत पडतं ना, तसं बँडविड्थ वाढवायची. स्लाइस, म्हणजे चित्राचे काप, पातळ घ्यायचे. चरबीचा पांढरेपणा दाबण्यासाठी नेहमीची जी पद्धत वापरतात ती फ्रीक्वेन्सीवर चालते, धातूशेजारी ती फसते, तिथे स्टर नावाची जुनी पद्धत वापरायची. ग्रेडियंट एको नावाचे सिक्वेन्स, म्हणजे चित्र घ्यायचे प्रकार, धातूजवळ लावायचेच नाहीत. हे सगळं कुठल्याही बऱ्या मशीनवर, एक पैसा जास्त न घालता, टेक्निशियनला माहीत असेल आणि घाई नसेल तर जमतं. याच्या वरचं म्हणजे २००९ च्या सुमारास पुढे आलेल्या दोन पद्धती, सीमॅक आणि मॅव्हरिक. सीमॅक ही चुकीच्या स्लाइसमध्ये जाऊन पडलेला सिग्नल शोधून परत त्याच्या घरी आणून ठेवते, मॅव्हरिक वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर वेगवेगळी चित्रं घेऊन शेवटी एकत्र जोडते. दोन्हीला वेळ जास्त लागतो पण इम्प्लांटला अगदी लागून काय चाललंय ते कळतं. या सगळ्या प्रकारांना मिळून मार्स एमआरआय म्हणतात, धातूचा आर्टिफॅक्ट कमी करणारा एमआरआय एवढाच त्याचा अर्थ. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये डॉ. हॉलिस पॉटर यांनी खुब्याच्या इम्प्लांटचा एमआरआय होऊ शकतो हे वर्षानुवर्षं करून दाखवलं, त्याआधी बहुतेकांचं मत तुमच्या पहिल्या सेंटरसारखंच होतं.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाहीये. नवीन नवीन असताना एका पेशंटचा असाच काळा खड्डा आला आणि मी पण तीच ओळ लिहून मोकळी झाले, आर्टिफॅक्टमुळे बघता येत नाही म्हणून. तीन महिन्यांनी त्याच बाई दुसरीकडचा एमआरआय घेऊन आल्या, मशीन आमच्यासारखंच, फक्त तिथल्या टेक्निशियनने वर सांगितलेली सेटिंग बदलली होती, आणि मांडीच्या वरच्या बाजूला चांगली मोठी पाण्याची पिशवी दिसत होती. तेव्हापासून ती ओळ लिहिण्याआधी मी टेक्निशियनला परत बोलावते.

पण ताई, लगेच दुसऱ्या सेंटरचा नंबर शोधू नका. त्याआधी घरातली कपाटं उघडा. आईच्या आत नेमकं काय बसवलंय हे कोणाला माहीत आहे? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, बहुतेक तुम्हालाच माहीत नसावं. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर काढून केसपेपरवर चिकटवतात, त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर सगळं असतं. डिस्चार्ज कार्डाच्या मागे, फाइलच्या शेवटच्या पानावर, कधी बिलाला जोडलेलं असतं. ते चार-पाच छोटे स्टिकर तुमच्या सात हजारांच्या रिपोर्टापेक्षा जास्त बोलतील. नाही सापडले तर पुण्याच्या हॉस्पिटलला लेखी अर्ज करा, मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायचा नियम आहे, मात्र रेकॉर्ड ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे, त्यामुळे नाही आमच्याकडे असं उत्तर येऊ शकतं. तरी विचारा, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर बऱ्याच ठिकाणी टाकून देत नाहीत. सर्जन अजून प्रॅक्टिस करत असतील तर त्यांना भेटा, ते त्या वर्षी कुठली कंपनी वापरत होते ते त्यांना कदाचित आठवत असेल.

आणि तेही नाही झालं तर साधा एक्सरे. त्यात इम्प्लांटचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी यांच्यामधे काळी फट दिसते का ते डॉक्टरांना विचारा. प्लॅस्टिकचं अस्तर एक्सरेत दिसत नाही म्हणून त्याजागी फट दिसते. फट नाही, मोठा गोळा वाटीत गच्च भरल्यासारखा पांढराशुभ्र एकच दिसतोय, तर धातूवर धातू असण्याची शक्यता मोठी.

मी २००९ वर का अडकलेय ते सांगते. त्या काळात धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा अशी फॅशन होती, तरुण पेशंटला चांगलं, झिजत नाही, निखळत नाही असं सगळे म्हणायचे, आणि तुमची आई तेव्हा अठ्ठेचाळीसची म्हणजे या हिशोबात तरुणच. त्यातलंच एक मॉडेल म्हणजे डीप्यू कंपनीचं एएसआर, ही जॉन्सन अँड जॉन्सनचीच कंपनी. ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून ते डिसेंबर २००९ मध्ये काढून घेतलं, आणि जगभरातून परत बोलवायला ऑगस्ट २०१० उजाडला. तोवर जगात सुमारे ९३ हजार लोकांना बसवून झालं होतं, भारतात सुमारे ४७००. ब्रिटनमध्ये बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांचं ऑपरेशन परत करावं लागलं होतं, जे खुब्याच्या बाबतीत फारच वाईट आहे. आणि सूडोट्यूमर हे नाव प्रचारात आलं ते ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे, त्यात १७ पेशंट आणि २० खुबे होते, आणि सतराच्या सतरा बायका होत्या.

याचा अर्थ आईला एएसआरच आहे असा बिलकुल नाही. धातूवर प्लॅस्टिकचे खुबे पण त्या वर्षी भरपूर बसत होते आणि तसंच असेल तर गोष्ट वेगळी. पण स्टिकरवर ते नाव निघालं तर सांभाळून ठेवा, केंद्र सरकारच्या समितीने २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरवलं होतं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत, पुढे त्यावर कोर्टकचेरी झाली. तो विषय वकिलाचा, मी त्यात पडत नाही, फक्त मूळ कागद कोणाला देऊ नका आणि पुढे कधी तो खुबा काढावा लागला तर काढलेला इम्प्लांट हॉस्पिटलमध्ये सोडून येऊ नका.

धातूवर धातू निघालं तर रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासायचं. ब्रिटनच्या एमएचआरएने, म्हणजे औषधं आणि इम्प्लांटवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ७ पीपीबी, म्हणजे लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम हा आकडा धरलाय, त्याच्या वर गेलं की जास्त बारकाईने लक्ष. पण सहा आलं म्हणून सुटलो आणि आठ आलं म्हणून मेलो असं नसतं, दुखत असेल तर आकडा कमी असला तरी एमआरआय काढायचाच. हे रक्त साध्या बाटलीत चालत नाही, गडद निळ्या बुचाची वेगळी ट्यूब लागते, लॅबला आधी विचारा. किडनीचा त्रास असेल तर कोबाल्ट तसंही साठतं, म्हणून क्रिएटिनिन सोबत करा. धातूवर प्लॅस्टिक असेल तरीसुद्धा कोबाल्ट-क्रोमचा गोळा मांडीच्या हाडातल्या टायटॅनियमच्या दांड्यावर जिथे बसवतात त्या जोडाशी गंज धरू शकतो, तेव्हा रक्तात क्रोमियमपेक्षा कोबाल्ट ठळकपणे जास्त येतं, म्हणून प्लॅस्टिक आहे म्हटल्यावर हा विचार सोडून द्यायचा नाही.

आणि सगळ्यात आधी इन्फेक्शन नाही ना ते. ईएसआर, सीआरपी, रक्ताच्या साध्या तपासण्या, सोलापुरात कुठेही होतील. त्या वाढलेल्या आल्या तर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. कृपा करून त्याआधी कोणी दिलं म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका, जंतू अर्धवट दबतात आणि मग तपासणीत काही सापडत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चिडचिड होते. ताप, रात्री झोपेत ठणकणं, जखमेच्या जागी लाली यातलं काही असेल तर पत्राच्या उत्तराची वाट न बघता डॉक्टर गाठा.

एक्सरे नॉर्मल म्हणताय, पण कुठला एक्सरे? एकच कालचा, की २००९ पासूनचे सगळे शेजारी ठेवून बघितले? झीज ही एका फोटोत दिसत नाही, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत गोळा वाटीच्या मधोमध होता आणि आता वर सरकलाय हे दोन फोटो लाइटबॉक्सवर लावले की लगेच कळतं. गादीखाली ठेवलेल्या त्या पिवळ्या पाकिटातल्या जुन्या फिल्म काढा.

आता आईच्या लक्षणांबद्दल. मी तिला तपासलेलं नाही, तेव्हा हे अंदाज समजा. दुखणं जांघेत असेल तर ते बहुतेक सांध्यातलं किंवा वाटीच्या आसपासचं, मांडीच्या मधोमध असेल तर आतल्या दांड्याचा संशय, खुब्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तिथले स्नायू, आणि ढुंगणातून गुडघ्याच्या खाली जात असेल तर आधी कंबर बघा, निम्म्या वेळा खुब्याला उगीच शिव्या बसतात. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलं ते रिक्षात पाय हाताने उचलून ठेवणं. मांडी वर उचलणारा एक स्नायू, इलिओसोआस, वाटीच्या पुढच्या कडेवरून जातो, कड थोडी बाहेर आलेली असेल तर दोरी घासावी तशी त्याची शीर (रक्ताची नाही, स्नायूला हाडाशी बांधणारी, टेंडन) घासत राहते. चालताना फार नाही पण जिना, रिक्षा, बिछान्यात पाय वर घेणं यात कळ येते. ते असेल तर सोनोग्राफीत बघून तिथे इंजेक्शन देता येतं, आराम पडला तर निदानही पक्कं. पण ही कळ आणि सूडोट्यूमरची कळ बाहेरून सारखीच वाटू शकते आणि कधी दोन्ही एकत्र पण असतात, म्हणून चित्र हवं. आणि लंगडणं आहे म्हणजे बाजूचे स्नायू, ग्लुटिअस मीडिअस आणि मिनिमस, कसे आहेत ते बघायलाच हवं, ते हाडापासून सुटले असतील तर एक्सरे काय, कुठलाही सर्जन नुसत्या हाताने खात्रीने सांगू शकत नाही.

नीट केलेल्या एमआरआयची खरी कमाई हीच आहे. एक्सरे हाड आणि धातू दाखवतो, सीटी त्याहून बारीक हाड दाखवतं, पण पाणी, स्नायू, शिरा, सांध्याचं जाड झालेलं अस्तर, दांड्याच्या बाजूने हाडात शिरलेला द्रव, मागून जाणारी सायटिक नस, हे सगळं एका जागी एमआरआयच दाखवतो. हाडात झिजेमुळे पडलेले खड्डे सुद्धा एक्सरेपेक्षा मोठे आणि जास्त दिसतात. त्यासाठी रक्ताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसायचं औषध, द्यायची गरज साधारण नसते, कोणी सांगितलं तर का म्हणून विचारा.

मग कुठे करायचा? सेंटरचं नाव मी देत नाही, सदरात ते बसत नाही. फोन मात्र असा करा, आणि रिसेप्शनवर नको, टेक्निशियनला द्या म्हणा: मशीन दीड टेस्लाचं आहे का, खुब्यात इम्प्लांट आहे तर मार्स प्रोटोकॉल करता का, सीमॅक किंवा मॅव्हरिक आहे का, आणि रिपोर्ट मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायू, बघणारे रेडिऑलॉजिस्ट देतील का. मशीन सिमेन्सचं असेल तर वार्प (त्यांचं मार्सचं नाव) हा शब्द वापरून बघा, तो त्यांना ओळखीचा असतो. समोरून "हो हो होईल, या तुम्ही" एवढंच आलं तर फोन ठेवून द्या. "कुठल्या बाजूचा, किती साली केलाय, जुने एक्सरे आणा" असं उलट विचारणारा भेटला की समजा बरोबर दार ठोठावलं. सीमॅक नसेल पण टेक्निशियन जाणता असेल आणि चाळीस मिनिटांचा स्लॉट द्यायला तयार असेल तर माझ्या मते तिथे करायला हरकत नाही, उत्तम मशीन आणि पंधरा मिनिटांची घाई यापेक्षा ते बरं. सोलापुरात असं कोणी भेटलं तर पुण्याला धावायचं कारण नाही, नाही भेटलं तर पुणे-मुंबईत फोन करा. आणि जाण्यापूर्वी त्या थ्री टेस्लाची सीडी एकदा दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टला दाखवा, फिल्म नाही, सीडी. खुब्याला लागून काळं असलं तरी थोडं दूरचे स्नायू, ओटीपोटाची बाजू यात कधीकधी मोठी पिशवी असेल तर दिसून जाते, सात हजार अगदीच पाण्यात गेले नसतील.

प्रवास अजिबात शक्य नसेल तर सोनोग्राफी हा दुसरा रस्ता आहे. पाणी आणि पुढच्या-बाजूच्या शिरा बऱ्या दिसतात, धातू आड येत नाही, आणि त्याच वेळी सुईने पाणी काढता येतं. खोलवरचं आणि मागचं दिसत नाही आणि करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते, तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगली.

चिठ्ठीवर काय लिहिलंय तेही बघा. "एमआरआय हिप" एवढंच असेल तर डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या, डाव्या खुब्याचं इम्प्लांट, २००९, जांघेत दुखतं, लंगडतात, सूडोट्यूमर, इलिओसोआस आणि ग्लुटिअल शिरा बघाव्यात, मार्स प्रोटोकॉल. आम्हाला काय शोधायचंय ते माहीत असलं की आम्ही तिथे थांबून बघतो, नाहीतर आम्ही पण माणसंच आहोत, दिवसाला तीस-चाळीस केसेस असतात.

शेवटचा प्रश्न, सरळ ऑपरेशन. आत्ता नाही. एकदा बसवलेला खुबा काढून दुसरा बसवणं हे पहिल्या ऑपरेशनसारखं नसतं, हाड कमी झालेलं असतं, वेळ जास्त, रक्त जास्त, बरं व्हायला जास्त दिवस. काय झालंय ते न कळता उघडून बघू म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि उलट बाजू पण ऐकून ठेवा, धातूवर धातूचे खुबे असलेल्या कितीतरी लोकांत काही दुखत नसताना सुद्धा छोट्या पाण्याच्या पिशव्या सापडतात, तेव्हा रिपोर्टात सूडोट्यूमर हा शब्द आला म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असं नाही. पातळ भिंतीची लहान पिशवी, स्नायू शाबूत, रक्तातले आकडे कमी, दुखणं थोडं, तर सहा महिने-वर्षाने परत फोटो काढून वाढतेय का ते बघतात. पिशवी घट्ट, जाड भिंतीची, स्नायू सुटायला लागलेत, आकडे चढतायत, तर मात्र उगाच लांबवू नका, स्नायू गेल्यावर नवा खुबा कितीही भारी बसवला तरी लंगडणं राहतं आणि तो निखळायची भीती पण वाढते. हा निर्णय सर्जनचा आणि आईचा, आईला त्या खोलीत बसू द्या, तिच्या अपरोक्ष ठरवू नका, ट्यूमर शब्द तिने अर्धवट ऐकला म्हणूनच तर जेवण सुटलंय.

तपासणीच्या दिवशी आईला सांगा की खुब्याचा फोटो असल्यामुळे बऱ्याच मशीनमध्ये पाय आधी आत जातात, डोकं बोगद्याच्या तोंडाशीच राहतं, कोंडल्यासारखं फारसं होत नाही. आवाज मात्र भयंकर असतो, कानात बोळे मागून घ्या. अर्धा-पाऊण तास पाय न हलवता पडायचंय, गुडघ्याखाली उशी मागा, दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून तासभर आधी दुखण्याची गोळी. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच ठेवा, बोटातून जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी तेल लावून काढा, सेंटरच्या दारात ओढाताण नको. केसातल्या पिना, ब्लाउजचे हूक, आणि साडीच्या निऱ्यांना आतून लावलेली सेफ्टी पिन, ती हमखास राहते, बायका विसरतात आणि आम्ही पण विचारायला विसरतो. गाऊन देतील तोच घालायचा. भावाला बरोबर न्या, आईला धीर येईल, पण त्याला बाहेरच्या बाकावर बसवा, त्याच्या खिशातल्या गाडीच्या किल्ल्या त्या मशीनला आईच्या खुब्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतील.